केबिनचा खालचा मजला

माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, महू-खंडवा मीटरगेजवर घाटाखालच्या एका लहान स्थानकात केबिनमॅन होते. आम्ही सगळी भावंडे त्यांना नाना म्हणत असू. सुट्टी संपवून इंदूरला परतायच्या दिवशी फलाटावर सामान घेऊन बसलेली मंडळी एकाच दिशेला बघत बसत आणि दूरच्या खांबावरचा लाल हात खाली झुकला की कोणीतरी म्हणे, "पडला सिग्नल, उचला पिशव्या." आता बहुतेक ठिकाणी रंगीत दिव्यांचे सिग्नल आहेत आणि त्यांत पडण्यासारखे काही उरलेले नाही, तरीही आमच्या घरात गाडी यायच्या बेतात असली की सिग्नल पडतोच.

तो हात पाडणारी तार जिथून निघत असे, त्या इमारतीविषयी मला आज सविस्तर लिहायचे आहे. इंग्लंडमध्ये तिचे नाव वेगळे आहे, पण आपल्याकडे रेल्वेतली आणि रेल्वेबाहेरची माणसे तिला केबिनच म्हणतात. जुन्या स्थानकांवर प्रेम करणारे माझे अनेक मित्र केबिनच्या खिडक्या, छपराची पुढे आलेली पागोळी आणि बाहेरून चढणारा जिना यांची आवडीने छायाचित्रे काढतात. मलाही हे सारे आवडते. पण गेली काही वर्षे या विषयाचे वाचन आणि थोडी पायपीट केल्यावर माझी अशी पक्की समजूत झाली आहे की आपण सगळे चुकीच्या मजल्याकडे बघत आलो आहोत.

नानांच्या केबिनमध्ये बाहेरच्या माणसाला प्रवेश नव्हता आणि नाना नियमाचे कडक असल्यामुळे नातवालाही तो नव्हता. जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून उघड्या दारातून बघण्याची तेवढी मुभा मला होती. वरच्या खोलीत तीन बाजूंना काचा, एका बाजूला भिंत आणि मधोमध जमिनीतून वर आलेली कमरेपेक्षा उंच लीव्हरांची रांग असे. लाल लीव्हर सिग्नलचे, काळे सांध्यांचे, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या जोडांचे, निळे सांध्यांना अडकवणाऱ्या कुलपांचे आणि पांढरे बिनवापराचे. प्रत्येक लीव्हरची वरची मूठ घासून चकचकीत ठेवलेली असे, आणि नाना ती कधीही उघड्या हाताने धरत नसत. खांद्यावरचे फडके आधी मुठीवर येई आणि मगच हात, कारण घामाने लोखंड एका पावसाळ्यात गंजते. सांध्याचा लीव्हर ओढताना ते एक पाय फ्रेमच्या, म्हणजे लीव्हर बसवलेल्या लोखंडी सांगाड्याच्या, कडेला रोवत आणि सारे अंग मागे टाकत. सिग्नलचा लीव्हर मात्र वेगळ्या तऱ्हेने ओढावा लागे, कारण दूरच्या सिग्नलची तार आधी ताणली जाते आणि मग हात हलतो. तो ताण हाताला कळावा लागतो.

अशी इमारत रेल्वेच्या सुरुवातीला अस्तित्वातच नव्हती. रुळांच्या कडेला उभा राहून हाताने किंवा निशाणाने खूण करणारा माणूस, एवढीच पहिली व्यवस्था होती. चार्ल्स हटन ग्रेगरी यांनी १८४१ च्या सुमारास लंडनजवळ न्यू क्रॉस येथे हाताच्या आकाराचा सिग्नल रेल्वेसाठी प्रथम उभारला आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांत ब्रिकलेयर्स आर्म्सच्या फाट्यावर सिग्नल हलवण्याची साधने एका चौथऱ्यावर एकत्र आणली. त्या चौथऱ्यावरची झोपडी फक्त माणसाला ऊन-पावसापासून आडोसा देण्यापुरती होती. यंत्राशी तिचा काही संबंध नव्हता.

संबंध जोडला तो जॉन सॅक्सबी यांनी. हे गृहस्थ मूळचे सुतारकामातले. सांधा एका मार्गासाठी लावलेला आणि सिग्नल दुसऱ्याच मार्गासाठी दिलेला, अशी विसंगती माणसाच्या हातून घडूच शकणार नाही, असे दोन्हींना यंत्रानेच एकमेकांशी बांधून टाकावे, या कल्पनेचे पेटंट त्यांनी १८५६ मध्ये घेतले. पुढे १८६२ मध्ये जॉन स्टिन्सन फार्मर यांच्याबरोबर त्यांनी भागीदारी केली आणि सॅक्सबी अँड फार्मर हे नाव जगभरच्या लीव्हर-फ्रेमवर ओतीव अक्षरांत दिसू लागले. या बांधणीलाच आपण इंटरलॉकिंग म्हणतो.

इथून पुढे इमारतीचा आकार यंत्र ठरवू लागले. एकमेकांना अडवणाऱ्या पट्ट्या, त्यांच्या खाचा आणि त्या खाचांत शिरणारे लोखंडी खिट्टे यांना लीव्हरांच्या खाली जागा लागते. तारांना आणि रॉडना जमिनीच्या पातळीवर बाहेर पडावे लागते. आणि ओढणाऱ्या माणसाला रुळांवर उभ्या असलेल्या डब्यांच्या वरून पलीकडचे दिसावे लागते. या तीन गरजा एकत्र केल्या की केबिन आपोआप तयार होते. खाली जाड भिंतींची, लहान झरोक्यांची अंधारी खोली आणि वर काचांची उजेडाची खोली. जिना बाहेर असतो, कारण आतली जागा यंत्राने व्यापलेली असते. एवढे प्रामाणिकपणे आतल्या कामातून घडलेले बाह्यरूप मला दुसऱ्या कुठल्या लहान इमारतीत फारसे आढळलेले नाही.

सुधारणा मात्र सुखासुखी झाल्या नाहीत. २१ जानेवारी १८७६ रोजी इंग्लंडमध्ये ॲबट्स रिप्टन येथे हिमवादळात मोठा अपघात झाला. त्या काळी सिग्नलचा हात एरवी 'मार्ग मोकळा' या स्थितीतच ठेवण्याची पद्धत होती आणि त्या स्थितीत तो खांबातल्या खाचेत जाऊन बसत असे. खाचेत बर्फ गोठला, केबिनमॅनने लीव्हर फिरवूनही हात बाहेर आला नाही आणि चालकाला मोकळ्या मार्गाची खूण दिसत राहिली. त्यानंतर नियम उलटा झाला: सिग्नलची मूळ स्थिती 'थांबा' हीच असेल आणि मोकळीक गाडीपुरतीच दिली जाईल. आमच्या फलाटावरचा हात जो 'पडत' असे, त्याच्यामागे हाच विचार होता. तो तारेने ओढून धरल्याशिवाय खाली येत नसे, आणि तार तुटली तर खांबावरचे वजन त्याला पुन्हा आडवा करत असे. म्हणजे मोकळीक देण्यासाठी माणसाला श्रम करावे लागत आणि बिघाड झाला तर गाडी थांबे.

१२ जून १८८९ रोजी आयर्लंडमध्ये आर्मा येथे सहलीच्या गाडीचे सुटलेले डबे उतारावरून मागे घरंगळत गेले आणि सुमारे ८० जण दगावले. त्यांत लहान मुले फार होती. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने कायदा करून इंटरलॉकिंग, मार्गाच्या एका तुकड्यात एकाच वेळी एकच गाडी ठेवणारी ब्लॉक पद्धत आणि प्रवासी गाड्यांना सलग ब्रेक या तिन्ही गोष्टी सक्तीच्या केल्या. यानंतर उरल्यासुरल्या जागीही केबिन उभ्या राहिल्या. प्रत्येक कंपनीची घडण वेगळी होती. मिडलंड रेल्वे लाकडी तक्ते कारखान्यात ठराविक मापाने बनवून जागेवर जोडत असे आणि वर चारही बाजूंनी उतरते छप्पर घालत असे. श्रूजबरी येथील सेव्हर्न ब्रिज जंक्शनची १९०३ ची केबिन १८० लीव्हरांची आहे. हाताने चालणाऱ्या, आजही वापरात असलेल्या केबिनांमध्ये ती जगातली सर्वांत मोठी.

आता आपल्याकडे वळतो. इंदूरला रेल्वे आली ती दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी ब्रिटिश सरकारला १०१ वर्षांसाठी साडेचार टक्के व्याजाने दिलेल्या एक कोटी रुपयांच्या कर्जातून. खंडव्याहून निघालेला हा मीटरगेज मार्ग १८७० च्या दशकात टप्प्याटप्प्याने पुढे सरकत, नर्मदा ओलांडून, घाट चढून महू आणि इंदूरपर्यंत पोहोचला. होळकर स्टेट रेल्वे, मग राजपुताना-माळवा रेल्वे, मग बी. बी. अँड सी. आय. (बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे) आणि १९५१ पासून पश्चिम रेल्वे अशी त्याची नावे बदलत गेली. रेल्वेसाठी पैसा उभा करणाऱ्या या शहरात राजवाड्याचे सात मजले सर्वांना ठाऊक असतात. त्या रेल्वेच्या दोन मजली केबिना मात्र कोणाच्याच खिजगणतीत नाहीत, याचे मला मनापासून वाईट वाटते.

अर्थात होळकरांची रेल्वे सुरू झाली तेव्हा तिच्यावर अशा केबिना नसणार, कारण भारतात इंटरलॉकिंगचा पाया घातला गेला तो १८९० च्या दशकात. नॉर्थ वेस्टर्न रेल्वेवर लिस्ट आणि मोर्स या दोघांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत प्रथम बसवली गेली. किल्ली-कुलपावर चालणाऱ्या अशा पद्धतींमागचा विचार सोपा होता. सांधा योग्य बाजूला लावून कुलूप घातल्याशिवाय त्याची किल्ली निघत नसे, आणि ती किल्ली सिग्नलपाशी लावल्याशिवाय सिग्नल पडत नसे. किल्ली घेऊन सांधेवाल्याने रुळांवरून धावायचे हा त्यातला त्रास होता. मेजर लॉलेस हेपर यांनी १९०४ च्या सुमारास विजेच्या तारेवरून किल्लीचे काम पाठवणारे यंत्र तयार केले: एका टोकाला किल्ली आत घातली की दुसऱ्या टोकाची किल्ली सुटते. मोठ्या रहदारीच्या मार्गांवर सॅक्सबी पद्धतीच्या पूर्ण केबिना आल्या आणि हळूहळू लहान स्थानकांवरही पोहोचल्या. त्यांना विलायती नमुन्याचे तक्तपोशी अंग शोभले नसते आणि टिकलेही नसते. इथे वीट, दगड, कौले आणि काचांवर ऊन येऊ नये म्हणून पुढे काढलेले रुंद छज्जे आले.

उन्हावरून एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. केबिनपासून सांध्यापर्यंत लोखंडी रॉड जातो, कधी कधी काही शे मीटर. निमाडात पौषातल्या पहाटेचे आणि वैशाखातल्या दुपारचे तापमान यांत ३० अंशांहून अधिक फरक सहज पडतो. ३०० मीटर लांबीचा पोलादी रॉड ३० अंशांच्या फरकाने सुमारे ११ सेंटीमीटर वाढतो, आणि सांध्याच्या जिभेची, म्हणजे त्यातल्या सरकत्या रुळाची, एका बाजूकडून दुसऱ्या बाजूपर्यंतची हालचालच मुळी तेवढी असते. म्हणजे नुसत्या उन्हाने, कोणीही लीव्हरला हात न लावता, सांधा उघडा पडू शकला असता. यावरचा तोडगा मला लहानपणी समजला नव्हता. समजला तेव्हा मी वही बाजूला ठेवून बराच वेळ तसाच बसलो होतो. रॉडच्या बरोबर मध्यावर अशी तरफ बसवायची की अलीकडचा अर्धा भाग पुढे सरकला की पलीकडचा अर्धा मागे सरकेल. आता अलीकडचा अर्धा भाग तापून जेवढा वाढेल तेवढाच पलीकडचाही वाढेल, दोन्ही वाढी त्या तरफेपाशी एकमेकींना सामावून घेतील आणि सांध्याची जीभ जागची हलणार नाही. विजेविना आणि देखरेखीविना हे वर्षभर चालत असे. तारांना ही युक्ती पुरत नसे. सिग्नलची तार उन्हात सैल पडली की लीव्हर पूर्ण ओढूनही हात अर्धवट पडे आणि नानांना ती पुन्हा ताणून घ्यावी लागे. उन्हाळ्यात दुपारी एकदा आणि सूर्यास्तानंतर एकदा ते हे करीत. संध्याकाळी दिवे लावणारा खांबावर चढे, तेव्हा त्याच्या हातातली रॉकेलची ज्योत पिवळी आणि सिग्नलच्या हातावरची 'हिरवी' काच जवळून पाहिली तर चक्क निळसर असे. पिवळ्या ज्योतीसमोर आली की तीच हिरवी दिसे.

आता खालच्या मजल्याकडे येतो. नाना त्या केबिनमध्ये अनेक वर्षे होते, पण खालच्या खोलीतल्या लॉकिंगला त्यांनी कधी हात लावला नाही. ते कुलूपबंद आणि मोहोरबंद असे, आणि सिग्नल विभागाचा माणूस आल्यावाचून उघडत नसे. मला तेव्हा हे विचित्र वाटले होते: ज्या माणसाच्या हातात सगळे स्थानक, त्याच्याच पायाखालची खोली त्याला बंद! पण सगळ्या व्यवस्थेचे मर्म तिथेच आहे. वरच्या मजल्यावरचा माणूस दमतो, पेंगतो, घाईत असतो. कधी त्याच्या घरी आजारपण असते. खालच्या मजल्यावरच्या खाचा आणि खिट्टे ज्याने कोरले, त्याने त्या स्थानकातल्या प्रत्येक शक्य हालचालीचा विचार आधीच, शांतपणे, कागदावर करून ठेवलेला असतो. सांधा मालधक्क्याच्या बाजूला असेल तर मुख्य मार्गाचा लीव्हर हलणार नाही, मग कोणी कितीही जोर लावो. नाना त्याला 'लीव्हर नाही म्हणतो' असे म्हणत. त्या नकाराला ते मानत. फ्रेमवर पाय रोवून दुसऱ्यांदा जोर लावताना मी त्यांना कधी पाहिले नाही.

म्हणूनच केबिन जतन करणे याचा अर्थ वरच्या काचा पुसून छप्पर शाकारणे एवढाच घेतला तर निम्म्याहून अधिक इतिहास आपण भंगारात घालतो, असे माझे म्हणणे आहे. इंग्लंडमध्ये २०१३ मध्ये एकदम २६ केबिनांना संरक्षित इमारतींचा दर्जा मिळाला, हे चांगलेच झाले. टॉटनेस येथील केबिनमध्ये उपाहारगृह आहे. इमारत वाचली यात आनंद आहे, पण चहा पिणाऱ्याला तिथे ही उंची आणि या खिडक्या कशासाठी हे कळायला मार्ग उरत नाही. याउलट सेंट आल्बन्सची १८९२ ची दक्षिण केबिन स्वयंसेवकांनी लीव्हरांसह दुरुस्त केली आणि तिथे येणारे पाहुणे स्वतः लीव्हर ओढून पाहतात. चुकीचा लीव्हर हलत नाही, हे पाच मिनिटांत हाताला समजते. त्यासाठी व्याख्यान लागत नाही.

आपल्याकडे मुंबईत व्हिक्टोरिया टर्मिनस ते भायखळा या मार्गावर १९२८ मध्ये रंगीत दिव्यांचे सिग्नल आले, तेव्हापासूनच हाताच्या सिग्नलचे दिवस भरत आले होते. लीव्हरांची जागा बटणांनी घेतली, खिट्ट्यांची जागा रिलेंनी आणि नंतर संगणकाने. २०२३ च्या मेअखेर देशातल्या ६,४२७ स्थानकांवर विजेवर चालणारे इंटरलॉकिंग बसवून झाले होते. रहदारीचा वेग पाहता ते अटळ होते आणि योग्यही होते. नानांच्या पद्धतीने आजच्या गाड्या चालवाव्यात असे मी म्हणणार नाही. मात्र २ जून २०२३ रोजी ओडिशात बहानगा बाजार येथे मुख्य मार्गाचा सिग्नल मिळालेली गाडी बाजूच्या मार्गावर शिरली, आणि चौकशीत सिग्नलच्या जोडण्यांमधील फेरबदलांतल्या चुका पुढे आल्या, तेव्हा मला त्या मोहोरबंद खोलीची तीव्रतेने आठवण झाली. यंत्र बदलले तरी सांधा आणि सिग्नल यांची गाठ कोण सोडू शकतो आणि कोणाच्या देखरेखीखाली, हा प्रश्न १८५६ इतकाच आजही महत्त्वाचा आहे.

आमच्या बाजूला डिसेंबर २०१८ पासून पाताळपाणी ते कालाकुंड ही वारसा गाडी धावू लागली. घाटातला ४० ला १ चा चढ, बोगदे आणि धबधबा पाहायला इंदूरकर गर्दी करतात. २०२३ मध्ये उरलेला मीटरगेज मार्ग रुंदीकरणासाठी बंद होण्याच्या आधीच्या हिवाळ्यात मी रीतसर परवानगी घेऊन, आईला बरोबर घेऊन, नानांच्या स्थानकावर जाऊन आलो. केबिन कधीच बंद पडली होती. वरच्या काचा फुटलेल्या, कौले खचलेली, जिन्याच्या दोन पायऱ्या नाहीशा झालेल्या. पण फ्रेम जागेवर होती आणि खालच्या खोलीचे दार बिजागरीतून निखळून पडलेले असल्यामुळे मी आयुष्यात प्रथमच आत शिरलो. पट्ट्या गंजून एकमेकींत रुतल्या होत्या. तरीही मोबाईलच्या उजेडात कोणती खाच कोणत्या लीव्हरसमोर येते, हे बोटाने चाचपत मला वाचता आले.

फ्रेम संग्रहालयात हलवावी म्हणून नंतर मी एका कार्यालयात अर्ज दिला, दोनदा जाऊन आलो आणि तिसऱ्या खेपेला जुने लोखंड लिलावात गेल्याचे मला सांगण्यात आले. त्यामुळे त्या दिवशी काढलेली छायाचित्रे आणि मोजमापांची वही एवढेच आता माझ्याकडे आहे.

त्यातल्या एका छायाचित्राबद्दल लिहून थांबतो. प्रत्येक लीव्हरवर एक लहान पट्टी असते आणि तो ओढण्याआधी कोणते लीव्हर ओढलेले असायला हवेत त्यांचे आकडे तिच्यावर असतात. नाना म्हातारपणी ओट्यावर बसून आम्हा मुलांना हाताच्या हालचालीसह म्हणून दाखवत, "चार, सहा, सात, मग नऊ." आम्ही ते गाण्यासारखे पाठ केले होते. नऊ नंबरच्या लीव्हरवरची पट्टी मी फडक्याने पुसली, तर तिच्यावर फक्त चार आणि सात होते. मला वाटले, नानांची आठवण चुकली असावी, नाहीतर आमची. मग सहा नंबरचा लीव्हर पाहिला. तो पांढरा होता, पण मुठीखाली रंगाचा पोपडा सुटला होता आणि आत निळा रंग दिसत होता. खालच्या खोलीत जाऊन पाहिले, तर सहाच्या पट्टीतला खिट्टा काढलेला होता आणि त्याची रिकामी भोके तशीच होती.

आई जिन्याशी उभी होती. तिला विचारले, तेव्हा तिने फलाटाच्या पलीकडे, बाभळी वाढल्या होत्या त्या बाजूला हात केला आणि म्हणाली, "तिथे कापसाच्या गाठी भरायची लाईन होती. माझ्या लग्नाआधीच उखडली ती."